त्या दोन तारा मी बदलल्या नाहीत

माझ्या नाकावर राग असतो. हे मला नव्याने सांगायची कुणाला गरज नाही, आई रोज उठून सांगतेच. पण त्या उन्हाळ्यात त्या रागानेच मला तारलं, म्हणून त्याच्याबद्दल आज चार चांगले शब्द लिहिते आहे.

मी झाशीत मुलींच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तेव्हा माझी नोकरी कायम नव्हती. दर वर्षी नेमणुकीचा नवा कागद यायचा, आणि तो येईल की नाही या धास्तीत अख्खा जुलै जायचा. पीएचडी झाली तर कायम होण्याची आशा होती. नोंदणी केली होती, पण शिकवणं, घर, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांत वर्षं निघून गेली. मुदत संपली, वाढवून घेतली, तीही संपत आली. विद्यापीठाने स्वच्छ कळवलं, आता वाढ नाही. जूनमध्ये समिती येईल, प्रयोग चालताना बघेल. पटला तर प्रबंध पुढे जाईल, नाही पटला तर नोंदणी रद्द. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पुन्हा कोण नोंदवून घेतं? जे काय व्हायचं ते त्या एका दिवशी होणार होतं.

प्रयोग होता पेशीच्या पडद्यावर. मी शिकले हिंदीतून, त्यामुळे माझ्या तोंडात ‘कोशिका झिल्ली’. मराठीत त्याला पेशीपटल म्हणतात हे मला पुण्याच्या मावसबहिणीने सांगितलं, तेही हसत हसत. घरी आईला सांगताना मी आपली सरळ ‘पडदा’ म्हणायचे. प्रत्येक जिवंत पेशीभोवती असा एक पडदा असतो. इतका पातळ की साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याची जाडी दिसणं शक्यच नाही. तेलकट असतो, वीज त्यातून सहजी जात नाही. पेशी मेली की हा पडदा फाटका होतो आणि आतले क्षार बाहेर झिरपतात. आता जो दिसतच नाही त्याची खबरबात कुणाला विचारायची? विजेला विचारायची. पेशीच्या चार बाजूंना धातूची चार टोकं ठेवायची आणि त्यांना एकामागून एक अशी वीज द्यायची की विद्युतक्षेत्र गोल फिरत राहील. मग मधली पेशीही स्वतःभोवती फिरायला लागते. ती किती जोरात फिरते, कुठल्या दिशेने फिरते, यावरून पडदा शाबूत आहे की फाटका, तो किती भार धरून ठेवतो, हे सगळं काढता येतं. पेशीला रंगवायला नको, फोडायला नको, मारायला नको!

“म्हणजे तिला गरगर फिरवायचं आणि मग तब्येत विचारायची,” आई म्हणाली. “मला फिरवलं असतंस तर मी दोन लावल्या असत्या.”

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. खंडेराव गेटच्या आतल्या बाजूला दोन खोल्या आणि वर गच्ची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या अमलात कारभार बघायला इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालताना बुंदेली, अशी आमची वाटणी आहे. आईच्या मराठीत मात्र अजून तसराळं आणि गडू आहेत. पुण्याची मावसबहीण ते शब्द ऐकून खूश होते आणि मी पेशीला कोशिका म्हटलं की कपाळाला हात लावते.

माझे मार्गदर्शक सर निवृत्तीला आलेले. त्यांची सगळी हयात स्फटिकांवर काम करण्यात गेलेली, पेशी त्यांना परक्याच. माणूस सज्जन, आवाज कधी चढायचा नाही. पण समिती म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांच्या आधीच्या एका विद्यार्थ्याला अशाच समितीने सगळ्यांदेखत धुऊन काढलं होतं, आणि ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

उपकरण विकत घेण्याची ऐपत ना माझी, ना कॉलेजची. मी ते घरीच जमवलं. काचपट्टीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून त्यातून चार टोकं कोरून काढली, मधे पेशींपुरती जागा सोडली. पेशी म्हणजे यीस्ट, बेकरीवाल्याकडून आणलेलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की तांबं यीस्टला सोसत नाही. आई रोज तांब्याच्या गडूतलं पाणी पिऊन ठणठणीत, आणि या पेशी तांब्याशेजारी मान टाकतात! शेवटी बांगड्यांना सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने ती काचपट्टी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “दीदी, ये पहनेंगी कहाँ?” मी म्हटलं, भैया, हे घालायचं नाही, हे यीस्टला दाखवायचं आहे. त्याने पुढे एक अक्षर विचारलं नाही, मुलामा मात्र सुंदर दिला.

त्यानंतरची फजिती माझी स्वतःची. जिवंत पेशी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, हे आमच्या बोटांत बसलेलं. मीही यीस्ट मिठाच्या पाण्यात सोडलं आणि वीज लावली. बुडबुडे! पेशी इकडून तिकडे उधळलेल्या, थेंब तापून वाळून गेलेला. कित्येक दिवस मी सोल्डरिंगला शिव्या घालत होते. दोष मिठाचा होता. मिठाच्या पाण्यातून वीज धो धो वाहते, मग पेशीच्या वाट्याला काय उरणार? पाणी असं हवं की पेशी फुगून फुटणार नाही आणि वीजही फारशी वाहणार नाही. म्हणजे साखरेचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यात साखर विरघळवली आणि तांदूळ धुवावेत तसं यीस्ट पुन्हा पुन्हा धुतलं, मिठाचा अंश राहू नये म्हणून. सर हसले. म्हणाले, “आप मराठी लोग तो दाल में भी गुड़ डालते हैं, आपको ये पहले सूझना चाहिए था.” खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. आमटीतल्या गुळावरून झाशीत आम्हाला लहानपणापासून चिडवतात, त्या दिवशी पहिल्यांदा ते चिडवणं गोड लागलं.

आणि मग एप्रिलमधल्या एका दुपारी पेशी फिरली.

काय सांगू! बाहेर अंग भाजणारी लू चालली होती, खिडकीवरचं वाळ्याचं तट्टं मी घटकेघटकेला भिजवत होते. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवलेला, समोर स्क्रीन. मी विजेचं बटण हळूहळू फिरवलं आणि मधोमध असलेली एक टपोरी पेशी डुलली. मग तिने एक गिरकी घेतली, मग दुसरी, आणि मग अशी काही लयीत फिरायला लागली की मी एकटीच त्या खोलीत टाळ्या वाजवल्या. कडेला एक छोटी कळी फुटलेली होती तिला, त्यामुळे फिरणं अगदी स्पष्ट दिसत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला, ते समोर फुगडी घालत होतं.

सरांना बोलावलं. ते आले, चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिले. “बहुत बढ़िया,” म्हणाले. आणि मग, “लेकिन मैडम, ये तो उल्टा घूम रहा है.”

खरंच उलटी फिरत होती. चार टोकांना तारा जोडताना मी वरचं, उजवं, खालचं, डावं असा क्रम धरला होता. मुद्दाम नव्हे, हाताला तीच सवय. लहानपणी आई दर शुक्रवारी लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या महालक्ष्मीला न्यायची. देवळाभोवती मी एकदा खेळत खेळत देऊळ डाव्या हाताला ठेवून उलटी निघाले, तर कान धरून परत आणलं होतं. तेव्हापासून गोल म्हटलं की माझा हात प्रदक्षिणेच्याच दिशेने जातो. म्हणजे क्षेत्र फिरत होतं सरळ, आणि पेशी फिरत होती त्याच्या विरुद्ध. सर हेच बघत होते. प्रयोगशाळेत झाडू मारायला आलेल्या काकांनीही डोकावून मान हलवली. त्या खोलीत आम्ही सगळेच प्रदक्षिणेच्या दिशेत वाढलेले, उलटं फिरणारं काही पाहिलं की आधी चूकच वाटायची.

“दो तार आपस में बदल दीजिए,” सर म्हणाले. “सीधा हो जाएगा.”

आता यातली गोम सांगते. जिवंत पेशी क्षेत्राच्या विरुद्ध फिरू शकते हे पुस्तकांत लिहिलेलं आहे, त्यात माझा काही शोध नाही. कारणही समजण्यासारखं आहे. पडदा वीज आत जाऊ देत नाही, त्यामुळे भार पडद्यापाशी येऊन साचतो. साचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात क्षेत्र पुढे सरकलेलं असतं, आणि उशिरा साचलेल्या त्या भाराला रेटा बसतो तो मागच्या दिशेने. म्हणजे उलटं फिरणं हीच खूण, की पडदा जागेवर आहे आणि वीज अडवतो आहे. मी हे सगळं सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“किताब में लिखा है, मैं जानता हूँ. पर वो उनके यंत्र हैं. यहाँ तो आपकी सोल्डरिंग है.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपकी सोल्डरिंग! पण राग गिळून मी विचार केला, की बाई, त्यांचं म्हणणं खोटं कशावरून? सूक्ष्मदर्शक चित्र उलटं दाखवतो. कॅमेरा आरशासारखी डावी बाजू उजवीकडे करत असेल तर सरळ फिरणारी पेशीही उलटी दिसेल. तार कुठेतरी अदलाबदल झाली असेल तरीही तसंच होईल. आपण बरोबर आहोत असं नुसतं ओरडून चालत नाही, ते दाखवावं लागतं.

त्या रात्री जेवताना आईच्या मनगटाकडे लक्ष गेलं. बाबांनी तिला घेऊन दिलेलं चावीचं घड्याळ, सेकंदकाट्याचं. ते ती फक्त आंघोळीपुरतं काढते.

“आई, उद्या हे घड्याळ देशील?”

“कशाला? त्यालाही वीज लावणार?”

“नाही गं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून नुसतं बघायचंय.”

“किती वाजले ते बघायला तुला सूक्ष्मदर्शक लागतो?” असं म्हणून तिने हात मागे घेतला. मग मी सगळं समजावून सांगितलं. घड्याळाचा काटा कुठल्या दिशेने फिरतो हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. तो स्क्रीनवरही तसाच फिरताना दिसला तर माझं यंत्र खरं दाखवतं, उलटा दिसला तर दोष यंत्राचा. आईने ऐकलं, घड्याळ काढलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. “पण मला सांग, ती उलटी का जाते? सरळ जायला काय होतं तिला?” म्हणाली. देवळातली आई पुन्हा बोलत होती. मी म्हटलं, आई, नको सुरू करूस.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात कमी मोठं दाखवणारी भिंगं लावून मी घड्याळ खाली ठेवलं आणि वरून टॉर्चचा उजेड पाडला. स्क्रीनभर सेकंदकाटा. तो चालला होता सरळ, सगळ्या घड्याळांत चालतो तसा! चित्र वरचं खाली होत होतं, पण फिरण्याची दिशा बदलत नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मग विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर चारही तारा तपासल्या. लाट आधी वर, मग उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे. क्षेत्र सरळ, यंत्र खरं, पेशी उलटी. आणि उकळून मारलेल्या पेशी त्याच जागी, त्याच विजेवर ठेवल्या, तर त्या हलायलाच तयार नव्हत्या. फाटक्या पडद्यात साचायचं काय?

हे घेऊन मी सरांकडे जवळजवळ धावत गेले. त्यांनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, “आप सही हैं. फिर भी तार बदल दीजिए.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“कमेटी के पास समय नहीं होता,” ते म्हणाले. “किताब में सीधा घूमना भी है, उल्टा घूमना भी है. सीधा दिखाएँगी तो कोई सवाल नहीं पूछेगा. उल्टा दिखाएँगी तो बहस होगी. आपका आख़िरी मौक़ा है. मैं आपके भले की कह रहा हूँ.”

भल्याचंच सांगत होते ते, हेच तर दुःख. मी घरी येऊन गच्चीवर जाऊन बसले. दोन तारा. सोल्डरिंग गन तापवली की पाच मिनिटांचं काम. पेशी सगळ्यांना आवडेल अशी फिरेल, सह्या होतील, नोकरी कायम होईल, आईच्या औषधांची काळजी मिटेल. कुणाचं काय बिघडणार होतं? पण मग त्या प्रबंधात माझं काय राहणार होतं? त्या पेशीने मला जे सांगितलं होतं, अगदी एवढंसं का होईना, ते मी खोडून दुसऱ्याला आवडेल ते लिहायचं? छे! मला इतका संताप आला की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया मी बसल्याबसल्या मोडून खाल्ल्या, कच्च्याच.

“त्या तळायच्या आहेत,” आई जिन्यातून ओरडली. “आणि राग आलाय तर ज्याचा आलाय त्याच्यावर काढ, माझ्या कुरडयांवर नको!”

सकाळी प्रयोगशाळेत गेल्यावर पहिलं काम केलं. काचपट्टीवर झाकणकाच बसवताना तिच्या कडा आम्ही नेलपॉलिशने बंद करतो, थेंब वाळू नये म्हणून. लालभडक बाटली टेबलावर होतीच. चारही तारांच्या जोडांवर मी तिचे थरावर थर दिले. आता तारा बदलायच्या तर तो सगळा लाल गोळा खरवडावा लागणार होता, आणि खरवडलेलं कुणालाही दिसलं असतं. सरांनी ते पाहिलं. रुमालाने कपाळ पुसलं आणि निघून गेले.

समिती आली तो दिवस भट्टीसारखा होता. समितीत दोघं इथलेच होते, त्यांचं लक्ष पंख्याकडे. खऱ्या होत्या त्या बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. पांढरे केस, सुती साडी, चेहऱ्यावर माशी बसायची हिंमत होणार नाही असा भाव. त्यांनी चहाला नको म्हटलं, थेट स्क्रीनसमोर खुर्ची ओढली. मी साखरेच्या पाण्यातला थेंब ठेवला, वीज लावली. धास्ती मला होती, पेशीला तिचं काय! तिने गिरकी घेतली. उलटी.

बाईंनी पहिलाच प्रश्न तो विचारला. “उल्टा क्यों?”

सरांनी डोळे मिटले. ते मला स्वच्छ दिसलं.

मी सांगत गेले. पडदा, साचणारा भार, त्याला लागणारा उशीर. पर्समधून आईचं घड्याळ काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, काटा दाखवला. पंख्याखालचे दोघं उठून जवळ आले. बाई हसल्या नाहीत, मानही हलवली नाही. पेशी पुन्हा स्क्रीनवर आणायला लावली, मला बाजूला केलं, वारंवारतेचं बटण स्वतःच्या हातात घेतलं आणि वाढवत नेलं. पेशीचा वेग कमी होत गेला. मग ती थांबली. बाईंनी बटण आणखी थोडं फिरवलं, आणि ती पेशी हळूच दुसऱ्या बाजूला वळली आणि सरळ फिरायला लागली. एकाही तारेला हात न लावता!

“अब सीधा क्यों?” बाईंनी विचारलं.

“वीज आता इतक्या घाईने दिशा बदलते की पडद्याला भार साचवायला सवडच मिळत नाही,” असं मी चक्क मराठीत सांगायला लागले, जीभच वळेना. मग भानावर येऊन हिंदीत सांगितलं, की आता वीज पडद्याला न जुमानता आत जाते, आत क्षार आहेत, बाहेर नुसतं साखरेचं पाणी, म्हणून आता पेशी क्षेत्राच्या मागोमाग जाते. तारा उलट्या जोडल्या असत्या तर आधी सरळ आणि आत्ता उलटी फिरली असती. बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “आप ज़रा बाहर जाइए.”

मी व्हरांड्यात उभी राहिले. आत जिवंत यीस्टची बाटली होती, उकळलेल्याचीही होती, दोन्ही मीच तयार करून ठेवलेल्या. थोड्या वेळाने आत बोलावलं. टेबलावर दोन छोट्या नळ्या, दोन्हींत सारखंच गढूळ पाणी. बाई म्हणाल्या, “बताइए, इनमें मरी हुई कौन सी है.”

हे तर सोपं होतं. पहिल्या नळीतला थेंब ठेवला. उलट्या गिरक्या. जिवंत! मागे सरांनी सुटकेचा श्वास सोडला, “तो दूसरी वाली,” म्हणाले. दुसऱ्या नळीतला थेंब ठेवला. त्याही फिरत होत्या. तितक्याच जोरात, तितक्याच उलट्या.

ड्रॉपर तोच वापरला का मी? पहिल्या थेंबातल्या पेशी यात आल्या का? नवी काचपट्टी घेतली, नवा ड्रॉपर, पुन्हा थेंब. फिरत होत्या. एखादी मरतुकडी सोडली तर सगळ्या फिरत होत्या. सर माझ्या मागे येऊन अगदी हळू म्हणाले, “मैडम, कोई एक बोल दीजिए. दूसरी बोल दीजिए.” आणि त्यांचा आवाज ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि त्या तिडिकीसरशी भीती पार पळाली. कुठलीतरी एक सांगायची? डोळ्यांसमोर जिवंत पेशी फिरताहेत आणि मी त्यांना मेलेली म्हणू, कारण विचारणाऱ्याने तसं विचारलंय?

मी बाईंकडे वळले. “इनमें मरी हुई कोई नहीं है. दोनों ज़िंदा हैं.”

“पक्का?”

“पक्का.” आवाज जरा जास्तच चढला माझा. “आप कहें तो सौ बार देख लूँ. दोनों ज़िंदा हैं.”

पंख्याखालचा एकजण खोकला. बाई खुर्चीत मागे रेलल्या, आणि तो करारी चेहरा एकदम पोरीसारखा हसला. “दोनों मैंने एक ही बोतल से भरी थीं,” त्या म्हणाल्या. मग पेन काढलं आणि सही करता करता विचारलं, “और ये लाल-लाल क्या है?” मी सांगितलं, नेलपॉलिश. कशासाठी, तेही सांगितलं, सरांचं नाव न घेता. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की व्हरांड्यातल्या मुली आत डोकवायला लागल्या.

सर शेवटी एकटे मागे राहिले. त्यांनी त्या लाल जोडांवरून बोट फिरवलं, मग माझ्यापुढे हात जोडले. मी म्हटलं, सर, हे काय! त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “उस लड़के को भी मैंने ही तार बदलने को कहा था.” कुणाला, ते मी विचारलं नाही; समितीने धुऊन काढलेला तो विद्यार्थी. मला कळलं होतं.

घरी मी रिक्षेतून उतरले ती नाचतच. गल्लीत ओरडतच शिरले, “आई, झालं! झालं गं!” आईने दारातच मला धरलं, साखर तोंडात कोंबली, शेजारणीला हाक मारली, देवाला दिवा लावला, आणि मग एकदम तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. “माझं घड्याळ?”

घड्याळ सूक्ष्मदर्शकाशेजारीच राहिलं होतं. त्या क्षणी माझी पीएचडी, माझी नोकरी, सगळं एका बाजूला आणि बाबांचं घड्याळ एका बाजूला. “उद्या सकाळी आणते” म्हटलं तर ऐकेना. म्हणाली, मीच येते, तुझा भरवसा नाही.

सकाळी तिला प्रयोगशाळेत नेलं. घड्याळ मनगटावर चढलं, चावी दिली गेली, कानाशी लावून झालं, तेव्हा कुठे तिने त्या टेबलाकडे पाहिलं. “हेच का ते?” म्हणाली. मी ताजा थेंब ठेवला, वीज लावली. स्क्रीनवर नको म्हणाली, तिला सूक्ष्मदर्शकाच्या नळीतूनच बघायचं होतं. ऑपरेशन झालेला डोळा लावून ती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिचं बोट हवेत हळूहळू गोल फिरायला लागलं, उलटं. डावीकडून. मी वाट बघत उभी, की आता बोलेल, देवळातला कान पुन्हा धरेल.

“डावीकडूनच चाललीये,” आई म्हणाली, डोळा न काढता.

“हो.”

“जाऊ दे. जिवंत आहे ना ती.”